उशीचा दोष

माझे भावोजी कुणाच्याही घरी गेले की आधी उशी बघतात. घरचे पाणी विचारायच्या आत त्यांचा हात पलंगाकडे गेलेला असतो. उशी उचलायची, दोन्ही कोपरे चिमटीत धरून झटकायची, मधोमध मूठ दाबायची आणि मूठ काढल्यावर खळगा कसा भरून येतो ते बघायचं. मग तोंडाने काही बोलायचं नाही, फक्त नाकातून जोरात श्वास सोडायचा. या एका श्वासापायी आमचे निम्मे नातेवाईक दुखावलेले आहेत.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. गाद्या आणि उशा भरणं हा त्यांचा धंदा. दुकान एका लांबट खोलीत आहे, त्यांचं घर तिच्याच मागे. पुढे भरायचा ओटा आणि तराजू, मागे कापूस पिंजायचं यंत्र, आणि खिडकीशी माझं शिलाई मशीन. खोळी मी शिवते. यंत्र चालू झालं की खोलीभर तंतू उडतात आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे म्हातारे दिसायला लागतो. ताई गिऱ्हाईक बघते, भांडणं असली तर तीही तीच करते. मी गल्लीच्या टोकाला राहते, पण जागेपणीचं माझं सगळं आयुष्य त्या खिडकीशीच गेलं आहे.

गादीत भावोजींचा हात धरणारे दोन-चार जण सापडतील. उशीत मात्र कोणी नाही. इतर लोक मधे कापूस कोंबतात आणि कोपरे रिकामे ठेवतात. भावोजी आधी चारही कोपरे भरतात, बोटाने दाबून दाबून, आणि मग मधे येतात. "डोकं मधे असतं, पण झोप कोपऱ्यांवर असते," असं ते म्हणतात. याचा अर्थ मी कधी विचारला नाही, कारण विचारलं की ते समजावून सांगतात.

अशा माणसाचं डोकं दुखायला लागलं.

पूर्वीही अधूनमधून दुखायचं. कापसाची धूळ, यंत्राचा आवाज, गिऱ्हाइकांची कटकट; कुणाचंही दुखेल. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून गोळी आणायची, अर्ध्या ग्लास पाण्याबरोबर घ्यायची, संपलं. पण हळूहळू ते रोजचं झालं. सकाळी डोळा उघडायचा तोच डोकं घेऊन. कपाळावरून पट्टा आवळल्यासारखं दुखायचं, म्हणायचे. भावोजी उशीखाली हात घालायचे, गोळ्यांची पट्टी काढायचे, एक तोंडात टाकायचे आणि भिंतीला टेकून बसून राहायचे. चहा होईपर्यंत दुखणं ओसरायचं. दुपारी पुन्हा डोकं वर काढायचं, मग खिशातली पट्टी. औषधवाल्याला तर सांगावंही लागत नसे. भावोजी रस्ता ओलांडताना दिसले की त्याचा हात खणाकडे गेलेला असे.

ताईने डोकं धरलं, म्हणजे स्वतःचं. "अहो, दाखवा कुणाला तरी!" मग दाखवणं सुरू झालं.

डोळेवाल्याने चष्मा दिला. चष्म्यामुळे भावोजींना माझे वाकडे टाके दिसायला लागले, त्याने माझं डोकं दुखायला लागलं, त्यांचं काही थांबलं नाही. दातवाल्याने दाढ काढली. दाढ गेली, डोकं राहिलं. नाकवाला म्हणाला, धूळ. पोटवाला म्हणाला, वायू. एक जण म्हणाला, काळजी करता का? भावोजी म्हणाले, हो, डोक्याची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं सगळं चाललं होतं, आणि रेडा कुठला नि पखाल कुठली हेच आम्हाला कळत नव्हतं. प्रत्येक जण आपापला अवयव धरून बसला होता. आणि प्रत्येकाने सुरुवातीला एकच प्रश्न विचारला: "कुठलं औषध चालू आहे?" भावोजींनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: "काही नाही."

ते खोटं बोलत नव्हते. हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं आहे.

शेवटी मानेचे व्यायाम शिकवणारा एक जण भेटला. त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि म्हणाला, "सकाळी उठल्यावर दुखतं ना? मग उशी बदलून बघा."

ताई सांगते, भावोजींचा चेहरा असा झाला की त्या बिचाऱ्याने खुर्ची मागे सरकवली. तिथून ते तडक निघाले. दुकानात आले, पलंगावरची स्वतःची उशी आणून ओट्यावर टाकली आणि कात्रीने उसवली. सगळा कापूस बाहेर काढून बोटांनी चाचपत बसले. मी विचारलं, "काय शोधताय?"

"सरकी. एखादी सरकी राहिली असेल."

सरकी सापडली नाही. तरी ती उशी पुन्हा भरून, शिवून, त्यांनी माझ्या अंगावर फेकली. "घेऊन जा. या उशीत दोष आहे."

"मग मला कशाला देता? मला डोकं नाही का?"

"तुझ्या डोक्यात दुखण्यासारखं काय आहे?" भावोजी म्हणाले. मेहुणीचा मान आमच्याकडे असा ठेवतात. मी उशी घेतली. माझी जुनी उशी पार चपटी झाली होती, आणि फुकटची उशी सोडायला मी काही वेडी नाही. तिच्यावर मला मेल्यासारखी झोप लागायची. मी हे त्यांना सांगितलंही. त्यांनी नाकातून श्वास सोडला.

त्यानंतर त्यांनी उशांचा छळ मांडला. पातळ उशी केली, जाड केली. सावरीच्या कापसाची केली, जुन्या कापसाची केली, काथ्या घालून एक केली ती तर डोक्याखाली कुरकुरायची. गोल केली, लांब केली. प्रत्येक उशीवर झोपायचे, सकाळी डोकं धरून उठायचे, उशीखालची गोळी घ्यायचे, आणि चहा घेता घेता म्हणायचे, "बघा, उशीवरून उठलं की उतरतं. म्हणजे दोष उशीतच आहे." आणि कात्री घ्यायचे. उशीशिवायही झोपून पाहिलं. तेव्हाही दुखलं. "उशीची सवय गेली म्हणून," ते म्हणाले. यात कुठेतरी घोडं पेंड खात होतं, एवढं मला वाटायचं, पण कुठे ते काही सांगता येईना. त्यांचं बोलणं ऐकताना बरोबर वाटायचं आणि घरी जाऊन भांडी घासताना चूक वाटायचं.

छळ करून थांबते तर हरकत नव्हती. एके दिवशी एक बाई मुलीसाठी उशी भरून घ्यायला आली. भावोजी म्हणाले, "उशा बंद केल्यात."

ताई आतून धावत आली. "अहो, काय बोलताय?"

"माझ्या उशीने माझंच डोकं दुखतं. मी दुसऱ्याला कुठल्या तोंडाने देऊ? आपलाच दाम खोटा."

मीही मागून पाहिली. माझ्या भावाच्या मुलीला, म्हणजे भाचीला, पाठवायला एक उशी हवी होती. "दोन वर्षांची आहे हो ती. तिचं डोकं एवढंसं." ते म्हणाले, "म्हणूनच नाही." आणि तोंड फिरवून गादीला टाके घालत बसले. मला खूप राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. त्या माणसाला उशी भरताना मी इतकी वर्षं खिडकीशी बसून बघत आले होते. भरून झाल्यावर ते उशीला एक चापट मारत, लेकराच्या पाठीवर मारतात तशी. ती चापट बंद झाली होती.

नुसत्या गाद्यांवर दुकान चालेना. समोर फोमवाल्याचं चकाचक दुकान आहे. माणूस वाईट नाही, बोलतो हळू, हसतो फार. तो एकदा येऊन म्हणाला, "काका, जागा मला द्या. तुम्ही माझ्या दुकानात बसा. लोकांना नुसतं सांगायचं, कुठली गादी घ्यावी ते." भावोजींनी पूर्वी त्याला हाकललं असतं. आता म्हणाले, "एक तारखेला किल्ली देतो." ताई त्या दिवशी जेवली नाही. यंत्र विकायचं, ओटा मोडायचा, माझं मशीन कुठे जायचं ते कुणी बोलतही नव्हतं. आणि हे सगळं कशासाठी, तर एका डोक्यासाठी. ते का दुखतं हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात मी त्यांना नेलं ते केवळ ताईच्या हट्टापायी. ती दुकान सोडू शकत नव्हती. बाकावर बसून बसून माझी पाठ मोडली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज बसलेला, सकाळपासून बोलत असाव्यात. नेहमीचे प्रश्न झाले. कुठलं औषध चालू आहे? काही नाही. मग त्या म्हणाल्या, "टेबलावर झोपा जरा."

भावोजींनी आधी तपासायच्या टेबलावरची उशी उचलली. कोपरे चिमटीत धरून झटकली, मूठ दाबली, नाकातून श्वास सोडला. मी जमिनीकडे बघितलं. मग उशी सरळ ठेवली, सवयीने खिशातली गोळ्यांची पट्टी काढून तिच्याखाली सरकवली, आणि डोकं टेकलं.

"ते काय ठेवलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठं काय? गोळ्या."

"कसल्या?"

"डोकेदुखीच्या."

"तुम्ही म्हणालात, औषध काही नाही."

"हे औषध थोडंच आहे?" भावोजी झोपूनच म्हणाले. "हे डोकं दुखल्यावर घ्यायचं असतं."

बाईंनी हातातलं सगळं खाली ठेवलं. किती घेता, कधीपासून, रोज का, असं विचारत गेल्या, आणि भावोजी निवांतपणे सांगत गेले, चहा किती वेळा घेता असं विचारल्यासारखं. मग त्या म्हणाल्या, "काका, तुमचं डोकं आता या गोळ्यांमुळे दुखतंय."

मला हसू आलं. मग चीड आली. "अहो बाई, गोळीने डोकं थांबतं. उद्या म्हणाल पाण्याने तहान लागते."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कधीतरी घेतली तर गोळी काम करते. महिन्यातले निम्मे दिवस, आणि तेही महिनोन्‌महिने घेतली की डोक्याला तिची सवय होते. रात्री गोळीचा असर उतरतो, पहाटे डोकं तिची मागणी करतं. ती मागणी म्हणजेच ते दुखणं. गोळी मिळाली की गप्प बसतं, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा.

"म्हणून सकाळी?" भावोजींनी विचारलं.

"म्हणून सकाळी."

"म्हणजे उशी..."

"उशीचा काही संबंध नाही."

ते उठून बसले. मला वाटलं आनंद होईल. तर त्यांचा चेहरा पडला. वर्षभर जिच्यावर खटला चालवला तिला कुणीतरी एका वाक्यात सोडून दिलं होतं. "पण उशीवरून उठलं की उतरतं," ते पुटपुटले. गोळ्यांची पट्टी बघून बाई म्हणाल्या, या गोळ्या एकदम बंद केल्या तरी चालतील, सगळ्याच गोळ्या तशा बंद करता येत नाहीत, पण या करता येतील. रोज घ्यायचं एक वेगळं औषध दिलं, उलटीसाठी एक दिलं. आणि दाराशी आल्यावर म्हणाल्या, "आधी जास्त दुखेल हं. मग कमी होईल. फार वाटलं तर इथे या, औषधवाल्याकडे जाऊ नका."

आधी जास्त दुखेल! बरं व्हायला आलेल्या माणसाला असं कोण सांगतं? ताईला सांगताना मी तीनदा चुकले. दुखतं म्हणून गोळी, की गोळी म्हणून दुखतं? सुरुवातीला तर दुखत होतं म्हणूनच घेतली ना? मग कधी उलटं झालं? कुठल्या सकाळी? ताई म्हणाली, "कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं." म्हण सापडली की ताईला समाधान होतं. मला झालं नाही.

बाईंचं निम्मं तरी खरं निघालं. जास्त दुखलं. भावोजी खोलीत अंधार करून पडले. उलट्या झाल्या. पिंजायचं यंत्र बंद ठेवावं लागलं. ते ताईवर ओरडले, माझ्यावर ओरडले, मग लहान मुलासारखी विनवणी करायला लागले, एकच द्या, अर्धी द्या. ताईने औषधवाल्याला आधीच जाऊन सांगितलं होतं, देऊ नका. तो भांबावला. "मी नाही कधी म्हटलंच नाही हो त्यांना," असं म्हणत खणाला किल्ली लावून बसला. मला मात्र एकदा राहवेना. माणूस डोळ्यांसमोर तळमळतोय आणि आपण बरं करायच्या नावाखाली त्याची गोळी लपवतोय, हा कुठला न्याय? मी तडक मोठ्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "तुम्ही सांगितलं तसं केलं, माणूस मरायला टेकलाय."

त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. ताप आहे का, बोलणं अडखळतंय का, हातपाय नीट चालतात का. मग म्हणाल्या, "हे होणारच होतं. थोडे दिवस काढा." मी जायला वळले तेव्हा त्यांनी सांगितलं, "शिकत असताना हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मलाही पटलं नव्हतं." त्यामुळे मला धीर आला की घाबरायला झालं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यातच एक तारीख आली. फोमवाला दारात उभा. ताईने त्याला बाहेरच्या बाहेरच सांगितलं, "ते आजारी आहेत." तो म्हणाला, "थांबतो ना. पण काकू, फार दिवस नाही थांबता येणार."

त्या दिवशी ताईच्या लक्षात आलं की घरात एकही उशी नाही. सगळ्या उसवलेल्या, कापूस पोत्यांत. भावोजी घडी घातलेल्या चादरीवर डोकं आपटत होते. ताई माझ्याकडे आली, माझ्या पलंगावरची उशी उचलली, नवा अभ्रा चढवला आणि नेऊन त्यांच्या डोक्याखाली सरकवली. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. त्या उशीचे कोपरे चाचपले नाहीत, झटकली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुठलीही उशी न तपासता डोकं टेकलं असेल.

मग काही दिवस बरे, काही वाईट, असं चाललं. दुखणं कमी झालं म्हणावं तर संध्याकाळी उसळायचं. कुणाला काही कळत नव्हतं. मी चादरीच्या गुंडाळीवर झोपत होते आणि माझी मान धरली होती.

एका सकाळी मी मशीनवर बसले होते. ऊन ओट्यापर्यंत आलं तरी भावोजी उठले नव्हते. ताई दोनदा आत जाऊन श्वास चालू आहे का बघून आली. मग ते दारात दिसले, केस विस्कटलेले, काखेत उशी. चेहऱ्यावर असा गोंधळ होता की मला वाटलं, गेलं, आता डोक्यावरच परिणाम झाला.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"कळत नाही," ते म्हणाले. "जाग आली. नुसता पडून राहिलो. दुखायची वाट बघत होतो." त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "हात उशीखाली घातला. तिथे काही नव्हतं. आणि दुखतही नव्हतं."

ताई भिंतीला टेकली आणि रडायला लागली. त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. उशी ओट्यावर ठेवून त्यांनी कोपरे चिमटीत धरून झटकली. मूठ दाबली, काढली. खळगा हळूहळू भरून आला. त्यांनी नाकातून श्वास सोडला नाही.

"ही कुणी भरली?" त्यांनी विचारलं. "कोपरे बघ कसे भरलेत. ही कुठून आणली?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मग मीच म्हटलं, "तुम्हीच भरलीत, भावोजी. दोष आहे म्हणून माझ्या अंगावर फेकली होती, तीच ही."

त्यांनी अभ्रा काढला. माझी खोळ ओळखली, स्वतःची गाठ ओळखली. त्या गाठीवरून अंगठा फिरवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मग मी एवढ्या उशा उसवल्या त्या कशासाठी?"

याचं उत्तर डॉक्टरीणबाईंजवळ असेल, पण त्याही गोळीचं सांगतील, उशांचं काय सांगणार?

दुपारी त्यांचं डोकं दुखलं. थोडंसं, पण दुखलं. हात खिशाकडे गेला, रिकामा परत आला, मांडीवर पडून राहिला. मी मशीन थांबवलं. "दुखतंय?"

"हं."

"फार?"

"कळत नाही. दुखतंय एवढंच." ते थोडा वेळ डोळे मिटून बसले. बसल्या बसल्याच ओट्यावरची उशी त्यांनी स्वतःकडे ओढली.

"ती माझी आहे," मी म्हटलं. "माझी मान गेली चादरीवर झोपून. परत द्या."

"ही नाही मिळायची."

"मग मी कशावर झोपू?"

समोरच्या दुकानातून फोमवाला आमच्याकडे बघत होता. भावोजींनी त्याच्याकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कपाळ अजून आवळलेलंच होतं. हाताने चाचपत त्यांनी जवळच्या पोत्याचं तोंड सोडलं.

"खोळ शिव," ते म्हणाले. "आणि तुझ्या भाचीच्या त्या एवढ्याशा डोक्याचीही एक शिव."